एक सामना, दोन हेडफोन

खेळाचा आवाज एकाच वेळी दोन हेडफोनमध्ये यावा, एवढीच मागणी होती. एक हेडफोन माझ्या मुलाचा, दुसरा माझ्या अब्बांचा. ऐकायला किरकोळ वाटतं. मलाही वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम आहे. चार संध्याकाळी गेल्या.

आधी हे सांगायला हवं की अब्बांना खेळाचा आवाज कशाला हवा होता. मंडईत त्यांचा गाळा होता. आम्ही बागवान, फळं आणि भाजी याशिवाय घरात दुसरा धंदा कोणी केला नाही. आता साखरेने त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा खराब केलाय. उजेड कळतो, माणूस ओळखू येतो, टीव्हीवरचा चेंडू दिसत नाही. कानही पूर्वीसारखे नाहीत. ज्या माणसाने मंडईच्या गोंगाटात तीन गाळ्यांपलीकडे कोणी काय भाव सांगितला हे नेमकं ऐकलं, त्याला आता जेवताना दोघं एकदम बोलली की काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, वयाने आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. शब्दातले स, फ, त असे बारीक आवाज तिथेच असतात. म्हणून ‘ऐकू येतं, पण समजत नाही’ अशी तक्रार असते. अब्बांची हीच तक्रार, आणि आम्ही ती हट्टीपणात जमा केली होती.

क्रिकेट मात्र सुटलं नाही. मंडईतल्या पुष्कळ जुन्या लोकांसारखं त्यांचं क्रिकेट रेडिओवरचं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत त्यांनी हजारो कलिंगडं तोलली असतील. स्वारगेटचं नेहरू स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर. १९९६ च्या वर्ल्डकपमध्ये तिथे केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं, तो दिवस ते आजही काल घडल्यासारखा सांगतात.

मुलगा नववीत आहे. जुन्या संगणकावर ‘क्रिकेट ०७’ खेळतो. ईए स्पोर्ट्सचा हा खेळ २००६ चा, आजही पोरं सोडत नाहीत. त्यात रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचं समालोचन आहे. घर दोन खोल्यांचं, अम्मी नऊला झोपते, म्हणून स्पीकर बंद. पोरगा हेडफोन लावून एकटाच ओरडायचा आणि अब्बा शेजारच्या खाटेवरून विचारायचे, “क्या हुआ रे? आउट?” तो ऐकायचा नाही, कारण कानावर हेडफोन. एकदा ते तिसऱ्यांदा विचारून गप्प झाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. नंतर विचारणंच बंद केलं. ते मला बघवेना.

पहिला उपाय तापकीर गल्लीत मिळाला : एका पिनेच्या दोन पिना करणारी वायर. आवाज दोघांकडे गेला, पण सारखाच गेला. अब्बांना पुरेल एवढा वाढवला तर पोराचे कान फाटतील. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगते, मुलांसाठी त्याहून कमी. म्हाताऱ्याला ऐकवायला पोराला बहिरं करायचं, हा सौदा तोट्याचा.

दुसरा उपाय विंडोजमधला. विंडोज एका प्रोग्रामचा आवाज साधारणपणे एकाच वाटेने बाहेर सोडतं. २०१८ पासून वेगवेगळ्या प्रोग्रामला वेगवेगळी वाट देता येते, म्हणजे गाणी स्पीकरवर आणि खेळ हेडफोनवर. पण एकच खेळ दोन वाटांनी पाठवण्याची सोय तिथे नाही. त्यासाठी जुनी युक्ती आहे. रेकॉर्डिंगच्या यादीत ‘स्टिरिओ मिक्स’ लपलेलं असतं. ते चालू करायचं, ‘लिसन’च्या पानावर खूण करायची आणि दुसरं उपकरण निवडायचं. संगणक स्वतःचाच आवाज रेकॉर्ड करून पुढे ढकलतो. मी अब्बांना ब्लूटूथ हेडफोन दिला. वायर नको, पाय अडकायला नको, म्हणून.

चाललं. पण उशिराने. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून बांधला जातो, पाठवला जातो, मग उलगडला जातो. त्यात सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. मी मनाशी हिशेब केला : हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे पाचव्या हिश्श्यात ६८ मीटर. सीमारेषेबाहेर बसलेल्याला बॅटचा टोला साधारण एवढ्याच उशिरा ऐकू येतो. अब्बांना म्हटलं, तुम्ही समजा नेहरू स्टेडियमच्या स्टँडमध्ये बसलाय. त्यात स्टिरिओ मिक्सचा उशीर वेगळाच. अब्बांना पडदा दिसतच नव्हता, त्यामुळे हरकत नसावी असं मला वाटलं. हरकत निघाली ती पोराची. तो “गेला!” म्हणून ओरडायचा आणि अब्बांच्या कानात दांडी नंतर उडायची. “मेरे को पहले से मालूम पड़ता है,” ते म्हणाले, “तो मजा क्या?” पोराचा आवाज मागे ओढणं शक्य नव्हतं, त्याला बॅट वेळेवर फिरवायची असते.

म्हणजे दोघांनाही वायरच हवी, आणि आवाज मात्र वेगळा. शेवटी यूएसबीत बसणारं अंगठ्याएवढं साउंड कार्ड आणलं, लांब वायर भिंतीच्या कडेने खिळ्यांनी बसवली, आणि ‘व्हॉइसमीटर बनाना’ घेतलं. हे फुकट वापरता येतं. आवडलं तर पैसे द्यायचे. ते विंडोजला एक खोटं उपकरण दाखवतं. खेळ आपला आवाज तिथे ओततो आणि व्हॉइसमीटर तो ए१, ए२, ए३ अशा नळांतून बाहेर सोडतं. ए१ पोराचा, ए२ अब्बांचा. प्रत्येक नळाची तोटी स्वतंत्र. दोन साउंड कार्डांची घड्याळं तंतोतंत जुळत नसतात, म्हणून ए१ चं घड्याळ प्रमाण धरून बाकीचे त्याच्याशी जुळवले जातात. (ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांना ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये अनेक उपकरणांचं एक उपकरण आयतंच बनवता येतं. लिनक्सवाल्यांना मी काय सांगणार, ते मला सांगतील.)

खरी गंमत पुढे आहे. त्या प्रत्येक नळाला ‘मोनो’चं बटण आणि स्वतंत्र इक्वलायझर आहे. अब्बांचा डावा कान जास्त गेलाय. स्टिरिओमध्ये डावीकडे गेलेलं त्यांना मिळतच नव्हतं. मोनो केल्यावर सगळं दोन्हीकडे आलं. मग आवाज न वाढवता २००० ते ४००० हर्ट्झचा पट्टा थोडा थोडा उचलत गेलो आणि दर वेळी विचारत गेलो. एका टप्प्यावर ते म्हणाले, “ये गोरा अब साफ बोलता है.” बेनॉ यांचं कौतुक अशा शब्दांत फार कमी वेळा झालं असेल.

अब्बांना इंग्रजी येत नाही, पण क्रिकेटचं इंग्रजी येतं. आता पोराला सूचना सुरू झाल्यात : फिरकीला पुढे ये, शेवटच्या बॉलवर एक घे. तो वैतागून एक कान उघडा ठेवतो. सूचना मराठीत येतात, मंडईच्या मराठीत, आणि त्यातल्या काही मी इथे लिहू शकत नाही.

परवा मुलगा म्हणाला, “दादांना माईकपण दे ना.” (आमच्याकडे आजोबांना दादा म्हणतात.) त्याला सामन्यावर त्यांचं मराठी समालोचन रेकॉर्ड करायचंय. व्हॉइसमीटरमध्ये माईकसाठी जागा आहे. फक्त माईकची वायर कुठून न्यायची ते बघतोय, कारण त्या भिंतीला आता खिळा मारायला जागा उरलेली नाही.