कल्याणची हमीदा

कल्याण म्हटलं की आम्हा डोंबिवलीकरांना काय आठवतं? दुर्गाडी, पत्री पूल, आणि आधीच खच्चून भरून येणारी कल्याण लोकल. (हे दुःख ठाणेकरांना कळायचं नाही. असो.) पण एके काळी देशात गाजलेली एक महिला पहिलवान याच कल्याणात दूध विकून जगली, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगितलं गूगलने, ४ मे २०२४ ला तिचं डूडल लावून!

हमीदा बानू. तयार झाली अलीगढमध्ये, सलाम पहिलवानाच्या हाताखाली. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. रोजचा खुराक पेपरात छापून यायचा: साडेपाच लिटर दूध, जवळजवळ किलोभर मटण, एक कोंबडी, सहा अंडी, दोन प्लेट बिर्याणी... आणि यादी अजून संपलेली नाही. १९५४ च्या फेब्रुवारीत तिने जाहीर केलं, मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी लग्न करीन. मे महिन्यात बडोद्याला बाबा पहिलवान समोर आला. १ मिनिट ३४ सेकंद. खेळ खल्लास.

आता तुमच्या मनात जे आलं तेच तेव्हाही लोकांच्या मनात आलं. 'फिक्स असणार!' खरं सांगायचं तर आकडा बघून माझ्याही आलं. तिकीट लावून होणाऱ्या दंगलींत ठरवून केलेल्या कुस्त्या असायच्याच, पुरुषांच्यासुद्धा. हमीदाच्या सगळ्याच्या सगळ्या कुस्त्या खऱ्या होत्या असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

पण गंमत पुढे आहे. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी तिची कुस्ती ठरली होती. तिथल्या कुस्ती संघटनेने हरकत घेतली, कुस्ती रद्द. कोल्हापुरात तिने एका पुरुष मल्लाला हरवलं तर पब्लिकने दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. पुढे मुंबई राज्यात तिच्या कुस्त्यांना अडकाठी आली तेव्हा तिने थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे दाद मागितली. उत्तर काय आलं? बाई म्हणून बंदी नाही, आयोजक तुमच्यासमोर डमी उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून.

आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅममध्ये बग आहे असा आरोप करायचा, आणि टेस्टिंगलाच परवानगी नाकारायची! डमी नको होते ना? मग साळुंखेंशी लढू द्यायचं होतं की.

१९५४ मध्येच तिने मुंबईत व्हेरा चिस्टिलिन या रशियन पहिलवान बाईला मिनिटाच्या आत हरवलं आणि युरोपात जाऊन लढायचं ठरवलं. त्यानंतर ती आखाड्यातून दिसेनाशीच झाली. तिच्या नातवाने बऱ्याच वर्षांनी बीबीसीला सांगितलं, की तिने जाऊ नये म्हणून सलाम पहिलवानाने तिचे हात मोडले. शेजाऱ्यांना आठवतं की पायही मोडले होते, काठीशिवाय तिला कित्येक वर्षं नीट चालता येत नव्हतं. हे सगळं घरच्या-शेजारच्यांचं सांगणं आहे, पण ते वाचल्यावर मला लॅपटॉप मिटून ठेवावा लागला.

सलाम अलीगढला परत गेला, ती कल्याणलाच राहिली. दुधाचा धंदा, थोडं घरभाडं; पैसे संपले की घरी केलेले पदार्थ रस्त्याच्या कडेला बसून विकायचे. १९८६ मध्ये ती गेली.

२०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. प्रतीक्षा बागडी जिंकली. फायनलला तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील... कल्याणची!

माझी भाची ठाण्याला जिउ-जित्सूच्या क्लासला जाते. वय वर्षं तेरा. मध्यंतरी तिने वजनाने भारी असलेल्या एका मुलाला मॅटवर दाबून धरलं, त्याने हात आपटून हार मानली. लगेच बाकीची पोरं म्हणाली, "सरांनीच सांगितलं असेल त्याला हरायला." पुढच्या शनिवारी ती पुन्हा त्याच मुलासमोर उभी राहिली. ती जिंकली की हरली ते तिने घरी कुणालाच सांगितलेलं नाही.

तिला हमीदाची सगळी गोष्ट सांगितली. बिर्याणीला हसली, दगडांपाशी गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, ते साळुंखे वजनाला किती होते?"