सुव्यातली आजी

सुव्याला येऊन आठवडाही झाला नव्हता. शेजारच्या घरातलं चार-पाच वर्षांचं पोरगं कुंपणापाशी आलं आणि मला म्हणालं, "आजी!" मी इतकी दचकले की हातातला ओला टॉवेल चिखलात पडला. फिजीत मला मराठीत कोण हाक मारणार? नंतर कळलं, ते मराठी नव्हतंच. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून करारावर इथल्या ऊसमळ्यांत राबायला आणली गेली. 'अॅग्रिमेंट'चं त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झालं. त्यातले बरेच जण आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांच्या बोलींतून इथली फिजी हिंदी तयार झाली आणि तिच्यात वडिलांच्या आईला आजीच म्हणतात.

आम्ही दोघं नगरचे. आता अहिल्यानगर, पण माझी जीभ नगरच म्हणते. मी चौसष्ट वर्षांची, निवृत्त नर्स. हे अडुसष्टचे, हायस्कुलात गणित शिकवायचे. चर्चने आम्हाला दोन वर्षांसाठी 'सीनियर कपल' म्हणून पाठवलं. पगार नाही, राहायला घर आहे, बाकी पेन्शनवर भागतं. निघताना तुमच्याच वयाच्या भाचीने विचारलं, "मावशी, या वयात लोकांना बाटवायला चाललात?" तिला काय सांगणार? नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ला आणि फिजीत मेथडिस्ट आले १८३५ला. म्हणजे ज्यांच्यात जाणार होतो ते आमच्याइतकेच जुने ख्रिस्ती. आमचं काम साधं होतं. यांनी संध्याकाळी पोरांची गणितं घ्यायची, मी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन शुगर आणि बीपी बघायचं. इथे मधुमेह घरोघरी आहे.

पण पहिले दोन-तीन महिने काम कसलं, आम्हीच कामाला लागलो होतो. नगरला पडतो त्याच्या पाचपट पाऊस सुव्याला पडतो. दुष्काळी माणसाला वाटतं, वा! महिनाभरात कळलं की पाऊस ही सोसायचीही गोष्ट आहे. यांच्या पट्ट्यावर बुरशी, चपलांवर बुरशी, माझ्या मराठी बायबलच्या पुठ्ठ्यावर हिरवट लव. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकले तरी मीठ ओलंच. बरोबर आणलेले पापड तळायच्या आधीच मऊ पडले. दुपारी आरशासमोर केस विंचरताना घामाने चष्मा नाकावरून घसरायचा आणि मी स्वतःला विचारायचे, बाई, तुला कुणी सांगितलं होतं?

बाजाराने मात्र मला सावरलं. सुव्याच्या मार्केटात भाजीचे वाटे लावून ठेवतात, इतक्या डॉलरला एक वाटा. पहिल्याच फेरीत अळू दिसलं! इथे कंदाला दालो म्हणतात आणि पानांना रोउरोउ. पानं नारळाच्या घट्ट दुधात शिजवतात. पलीकडच्या घरातली म्हातारी, जिला सगळी गल्ली बुबू म्हणजे आजी म्हणते, मला ते शिकवायला आली आणि खुणेने घसा धरून दाखवू लागली, की नीट शिजव, नाहीतर खाजेल. हे मला सांगत होती! मी दुसऱ्या दिवशी तिला चिंच-गुळाचं फदफदं करून दिलं. तिने एक घास खाल्ला, बराच वेळ विचार केला आणि वाटी तशीच नवऱ्याकडे सरकवली. हिंदी बोलणाऱ्या शेजारणीला मात्र अळूवडी ठाऊक निघाली. ती तिला सैना म्हणते.

ऑगस्टात एका पहाटे साडेपाचला फोन वाजला. नगरला रात्रीचे अकरा. दादा गेला. माझा मोठा भाऊ, बाप गेल्यावर ज्याने मला नर्सिंगला घातलं तो. दफन दुसऱ्या दिवशी सकाळी. नांदीहून मिळेल ते विमान धरलं असतं तरी पोचणं शक्य नव्हतं. पुतण्याने व्हिडिओ कॉल लावला. चित्र अडकत होतं. पेटी खाली सोडताना नेमका पडदा थिजला आणि मला फक्त कुणाचा तरी चपलेतला पाय दिसत राहिला.

मी कुणाला सांगितलं नाही. सेवा द्यायला आलोय, रडायला नाही, असं काहीसं डोक्यात होतं. हे कुठून आलं तेही मला माहीत आहे. लहानपणी आमच्या कंपाउंडात मेंदीच्या कुंपणापलीकडे मिशनच्या बंगल्यात एक म्हातारी अमेरिकन मडम आणि साहेब राहायचे. एकदा मडमची आई वारल्याची तार आली. संध्याकाळी मडम नेहमीसारखी आम्हाला शिकवायला आली, फक्त हार्मोनियम वाजवला नाही. मी आईला म्हटलं, आपण जायचं का त्यांच्याकडे? आई म्हणाली, "राहू दे. त्यांच्यात असंच असतं." कुणीच गेलं नाही. आमच्याकडे मयत झालं की मडम सगळ्यांत आधी यायची, चटईवर बसायची, आणि आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही.

यांनी बहुधा चर्चमध्ये कुणाला तरी सांगितलं असावं. तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. बुबू, तिचा नवरा, पुतणे, चर्चमधल्या सात-आठ बाया. हातात गुंडाळलेली मोठी विणलेली चटई आणि यंगोनाच्या मुळ्यांची जुडी. याला इथे रेंगुरेंगु म्हणतात, दुःखाच्या घरी रीतसर जाणं. सगळे जमिनीवर बसले. मी गुडघ्यामुळे खुर्चीवर होते. बाकीचे खाली असताना आपण उंच बसणं इथे बरं दिसत नाही, म्हणून भिंतीला धरून खाली बसले. पुतण्याने फिजियन भाषेत भाषण केलं. शब्द कळले नाहीत, मध्ये दादाचं नाव मात्र ऐकू आलं. कुणीतरी यांच्याकडून ते नीट पाठ करून घेतलं होतं. मग ओंजळीसारखे हात करून त्यांनी संथ टाळ्या वाजवल्या, आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नातेवाइकांना धीर देणारी मी मोठ्याने रडले. बुबूने माझं डोकं आपल्या मांडीवर ओढलं. आमच्या ह्यांनी, ज्यांनी जन्मात चहापलीकडे काही घेतलं नाही, यंगोनाची वाटी एका दमात रिकामी केली. चव मातीच्या पाण्यासारखी, जीभ बधिर, असं रात्री सांगत होते.

संध्याकाळी शेजारीण डाळ-भात घेऊन आली. ती हिंदू, मी ख्रिस्ती, पण कडू घास म्हणजे काय ते दोघींना सांगावं लागलं नाही. तिचा पोरगा दारातच थांबला. त्याला बहुधा ताकीद दिली होती की आजीला आज त्रास द्यायचा नाही.

मडमची कबर नगरला नाही, ती निवृत्त होऊन परत गेली. मी तिच्या नवऱ्याचं नावसुद्धा विसरले आहे.

चटई आता आमच्या बाहेरच्या खोलीत अंथरलेली असते. पोरं तिच्यावर बसून यांच्याकडे अपूर्णांक शिकतात. परवा एका कोपऱ्यावर बुरशी दिसली. व्हिनेगरने पुसून ती उन्हात टाकली आणि दहा मिनिटांत आभाळ भरून आलं. मी गुडघा धरून दारापर्यंत पोचते तोवर बुबू पलीकडून ओरडत आली आणि अर्धी चटई तिने आधीच गुंडाळलेली होती.