बेळगावची मावशी

आई साताऱ्याहून पहिल्यांदा आमच्याकडे लंडनला आली, तेव्हा रोज सकाळची माझी गोळी तिच्या नजरेतून सुटली नाही. "थायरॉइडची," मी म्हणाले. गोळी होती सर्ट्रालीनची, डिप्रेशनवरची. थायरॉइड म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

धाकटीच्या जन्मानंतर चार महिने मी नुसती पाळण्याकडे बघत बसायचे. जीपीनं आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा आठवली ती लहानपणची चेष्टा, "याला येरवड्याला न्या रे!" मग इथे ऐकलेले शेरे आठवले. "सगळं असून हिला दुःख कसलं?" "कामात मन गुंतव." "त्या गोळ्यांची सवय लागते." शेवटची समजूत तर माझीही होती. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, गुण यायला काही आठवडे जातात आणि बरं वाटलं तरी त्या एकदम थांबवायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या, हे मला तेव्हा कळलं. पाचव्या आठवड्यात आमटीला चव लागली.

एक दिवस आईनं गोळ्यांचं खोकं वाचलं. दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी मेथी निवडताना म्हणाली, "माझी धाकटी मावशी बेळगावला असते, असं आम्ही सांगायचो ना? ती येरवड्याला होती. आधी अंगारे-धुपारे झाले. मग लग्न केलं की सुधारेल म्हणून लग्न लावलं. डॉक्टर सगळ्यात शेवटी."

थोड्या वेळानं म्हणाली, "तूही मला बेळगावच सांगितलंस."

यंदा गणपतीत मंडळाच्या स्वयंपाकघरात एकीनं गोळीबद्दल विचारलं. मी खरं ते सांगितलं. क्षणभर सगळ्या गप्प. मग कोणीतरी विषय मोदकांच्या उकडीवर नेला.

भांडी विसळताना मात्र एक जण जवळ आली. "त्यानं दिवसा झोप येते का गं? भावासाठी विचारतेय."

मला बेळगाव ऐकू आलं. "काहींना सुरुवातीला येते, डॉक्टरांना सांगायचं," मी म्हणाले. मग कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. भाऊ भारतात असेल तर टेलि-मानस, १४४१६, मराठीतही बोलता येतं. इंग्लंडमध्ये असेल तर एनएचएस टॉकिंग थेरपीज, जीपीकडे न जाताही स्वतः नाव नोंदवता येतं.

तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.