उसन्या स्टार्टरचा भाव

गेल्या रविवारी कपाट आवरताना एक जुना पेनड्राइव्ह सापडला. त्यात 'मामा पार्ट्स फायनल २' नावाची एक्सेल शीट. (फायनलच्या पुढे २ का, हे आमच्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको! :-)) उघडली आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. मी आजवर केलेला सगळ्यात महाग बग त्या शीटमध्ये आहे. रक्कम म्हणाल तर १,७६० रुपये.

तर झालं असं. माझे मामा वसईला, हायवेलगतच्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये पार्ट्स मॅनेजर होते. शोरूम म्हटलं की आपल्याला काचेमागची चकचकीत गाडी दिसते. मामांचं राज्य मागे, सर्व्हिसच्या पलीकडे. लोखंडी रॅक्स, खोके, ऑइलचा वास आणि सतत वाजणारा फोन. फोनवर बहुतेक वेळा दुसऱ्या डीलरचा पार्ट्सवाला असायचा. "अमुक नंबरचा पार्ट आहे का हो तुमच्याकडे?"

कुठल्याच डीलरला सगळे पार्ट्स ठेवणं परवडत नाही. एका गाडीचेच हजारो पार्ट्स, त्यातले कित्येक वर्षभरात एकदाही खपत नाहीत. म्हणून एकाकडे नसेल ते दुसऱ्याकडून घ्यायचं. याला ते लोक 'को-डीलर'चा माल म्हणतात. बाजारातून का नाही घेत? तर बऱ्याच गाड्यांचे अस्सल पार्ट्स खुल्या बाजारात मिळतच नसत. याच मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, तो वेगळा विषय. सांगायचं इतकंच की अडल्यावर डीलरला डीलरचाच आधार.

पूर्वी मामांचं काम चिठ्ठीवर चालायचं. आज तुमचा एक नेला, पुढच्या आठवड्यात कंपनीकडून आला की तसाच एक परत. जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्यात वस्तूच्या बदल्यात वस्तू दिली तरी तो पुरवठाच धरतात. म्हणजे बिल आलं, आणि बिल म्हणजे भाव आला. आता उसन्या वस्तूला भाव काय लावायचा? मामांनी मला विचारलं, "तू कॉम्प्युटरवाला ना? दे काहीतरी करून."

आकडे गोल करून सांगतो. एक स्टार्टर मोटर घ्या. डीलरला कंपनीकडून पडते ४,००० ला, अधिक तेव्हाचा २८ टक्के जीएसटी. खोक्यावर छापलेली किंमत ६,४००, म्हणजे कर वजा जाता ५,०००. छापील किमतीच्या वर विकायला कायद्याने बंदी. म्हणजे जो काही भाव ठरायचा तो ४,००० आणि ५,००० च्या मध्ये. मामांचा तोंडी नियम होता: पडत्या भावावर ३ टक्के, आणायचा खर्च घेणाऱ्याचा. म्हणजे ४,१२०.

मला हे फारच बाळबोध वाटलं. मी शीटमध्ये लॉजिक घातलं: वर्षभर न हललेला पार्ट असेल तर भाव खाली, साठा कमी आणि मागणी जास्त असेल तर भाव वर, थेट छापील किमतीपर्यंत. पावसात कॅबचं भाडं चढतं ना, अगदी तसंच. मालकांना दाखवलं. ते खूश. मामा काही बोलले नाहीत. तेव्हा मला तो होकार वाटला.

मग जुलै २०१८ चा पाऊस आला. वसई-विरारकरांना वेगळं सांगायला नको. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, लोकल बंद, वीज गायब. सोसायट्यांच्या आवारात गाड्या बुडाल्या. स्टार्टर इंजिनाच्या खालच्या अंगाला असतो, पाणी तिथे आधी शिरतं. मामांकडे सहा स्टार्टर पडून होते. चार दिवसांत सहाही को-डीलर्सनी नेले. पहिले चार ४,१२० ला. शेवटचे दोन पालघरकडच्या एका डीलरला, शीटने सांगितलं तसे, पूर्ण ५,००० ला. एकामागे ८८० जास्त, दोनांचे १,७६०. मी घरी पेढे आणायचाच बाकी होतो.

त्या पालघरवाल्याचं काय झालं ते आता कळतं. छापील किमतीला घेतलं, छापील किमतीलाच विकलं. हातात शून्य, वर माणूस पाठवून आणायचा खर्च.

दिवाळीनंतर मामांकडे एक टॅक्सी आली. नालासोपाऱ्याचा माणूस, एअरपोर्टची भाडी मारायचा, गाडी हप्त्यावर. फ्युएल पंप गेलेला. मामांकडे पंप नव्हता. सिस्टिममध्ये दिसत होता एकाच ठिकाणी: पालघरकडे. मामांनी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "एकच आहे साहेब. आमच्या गिऱ्हाइकाला लागेल." आवाजात राग नव्हता, असं मामा म्हणाले. तेच त्यांना जास्त लागलं.

कंपनीकडून पंप नवव्या दिवशी आला. नऊही दिवस तो माणूस सकाळी येऊन बाकावर बसायचा. खर्च वजा जाता दिवसाला हजारेक सुटतात म्हणाला. म्हणजे मी मिळवलेल्या १,७६० ची किंमत त्याने नऊ हजार मोजली. आणि त्या व्यवहाराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता!

मी मामांशी वाद घातलाच. वर्षभर स्टार्टर सांभाळले, त्यात पैसा अडकला, त्याचं व्याज कोण देणार? भाव चढला नाही तर कोण कशाला साठा ठेवील? मामा म्हणाले, "अरे, सहा ठेवले ही माझी चूक होती. ती त्या पावसात फिटली, तीही त्यांनीच नेले म्हणून. मला एरवी दोनच ठेवता येतात, कारण बाकीचे चार कुणाच्या तरी रॅकवर आहेत हे मला माहीत असतं. त्याचे पैसे मी कुठे देतो?"

यावर माझ्याकडे फॉर्म्युला नव्हता. अजूनही नाही.

पुढच्या आठवड्यात मामा स्वतः पालघरला गेले, त्यांना हवा असलेला एक क्लचचा संच घेऊन. पडत्या भावात, ३ टक्केही न लावता. काय बोलले ते मला सांगितलं नाही. पण फोन पुन्हा वाजायला लागला. मी प्रायश्चित्त म्हणून शीटमध्ये 'कोणी आपल्याला किती वेळा दिलं' असा रकाना टाकला. मामांनी तो लगेच काढायला लावला. "हे लिहून ठेवलंस की तोंड बघून भाव लावशील."

मामा आता निवृत्त आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये पार्ट्सवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या मुलाचा मला फोन आला. शीट अजून वापरात होती! जुन्या मालावर २८ ने भरलेला कर खात्यात जमा असतोच, तू फक्त नवा दर टाक, असं त्याला सांगितलं. मग भीतभीत विचारलं, को-डीलरचा भाव कसा काढतोस?

"त्यात काय सर? पडता भाव अधिक ३ टक्के. खाली पिवळ्या रंगात लिहिलंय, हात लावू नये."

ती पिवळी ओळ मी लिहिलेली नाही. मामांना एक्सेलमध्ये रंग भरता येतो हे मला तेव्हाच कळलं.

असो. कपाट अर्धंच आवरून झालंय.