मोजून काढलेलं पान

कीटकभक्षी वनस्पतीचं चित्र काढताना सगळ्यात मोठा मोह असतो तो शिकार दाखवण्याचा. पान मिटतंय, माशी धडपडतेय, असं काहीतरी. शिकायला येणाऱ्यांना म्हणूनच मी आधी जॉन एलिसच्या डायोनियाकडे, म्हणजे व्हीनस फ्लायट्रॅपच्या चित्राकडे वळवते.

एलिस लंडनचा कापडाचा व्यापारी. १७६८ साली कॅरोलिनातून आलेली ही वनस्पती त्याने बारकाईने पाहिली, लिनियसला पत्राने कळवली आणि १७७० मध्ये चित्रासह वर्णन छापलं. दोन पाळ्या, कडेचे दात आणि प्रत्येक पाळीच्या मध्याजवळ उभे तीन बारीक काटे. हे काटे सापडलेल्या किड्याचा जीव घेतात, अशी त्याची समजूत होती. खरं तर ते स्पर्श ओळखणारे केस आहेत. थोड्या अवधीत दोनदा धक्का लागला की पान मिटतं. केसांची ही संवेदना १८३४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या मोझेस कर्टिसने नोंदवली. एलिसचा अर्थ बाद झाला, पण काटे तीन आणि ते अमुक जागी, ही नोंद आजही तशीच उभी आहे. मला त्याचा आदर वाटतो तो इथे.

डार्विनचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक १८७५ चं. त्यातल्या ड्रॉसेरा आणि डायोनियाच्या आकृती मुलगा जॉर्जने काढल्या, आल्ड्रोवँडा आणि युट्रिक्युलेरियाच्या फ्रान्सिसने. ड्रॉसेराच्या ३१ पानांवरचे तंतू डार्विनने मोजले होते: सरासरी १९२, कमीत कमी १३०, जास्तीत जास्त २६०. असं मोजणाऱ्या बापासाठी चित्र काढायचं म्हणजे अंदाजाने फटकारे मारून भागत नसणार.

कोकणात जांभ्याच्या सड्यावर पावसाळा सरताना दवबिंदू उगवतो, आपल्याकडचा ड्रॉसेरा. भिंगाखाली एकेक तंतू पाहावा: बारीक दांडा, टोकाला लालसर गाठ, तिच्यावर चिकाचा थेंब. ऊन चढलं की गवतावरचं दव उडून जातं, हा थेंब राहतो. जलरंगात तो पांढऱ्या रंगाने काढू नये, मेल्यासारखा दिसतो. कागद कोरा सोडायचा आणि भोवतीचा लाल गडद करत न्यायचा. त्यासाठी कुठला तंतू कुठे आहे हे पेन्सिलीनेच ठरलेलं हवं. रंग चढल्यावर जागा मिळत नाही.

सीतेची आसवं, म्हणजे आपल्याकडची युट्रिक्युलेरिया, याहून अवघड. जांभळं फूल सगळ्यांना दिसतं, सापळे, म्हणजे बारीक फुगे, मात्र खाली चिखलात. खुडलेलं फूल लगेच मान टाकतं, म्हणून आधी तेच काढून घ्यावं लागतं. मग मातीसकट ढेकूळ उथळ पाण्यात ठेवून माती आपोआप सुटू द्यायची. ओढलं की फुगे तुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली फुग्याचं तोंड, त्यावरची झडप, झडपेवरचे केस दिसू लागतात. भक्ष्य स्वतःच झडप ढकलून आत शिरतं, असं डार्विनला वाटलं होतं. फुगा पाण्याबरोबर ते आत ओढतो, हे पुढे विसाव्या शतकात स्पष्ट झालं. तरी फ्रान्सिसने काढलेली झडप मी आजही शेजारी उघडून ठेवते आणि माझ्या झडपेवरचे केस तिच्याशी ताडून पाहते. जात वेगळी असल्याने फरक निघतोच. निघाला की पुन्हा भिंगाकडे जायचं, पुस्तकाकडे नाही.