वाचलेल्या शहरातील पडलेली घरे

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकीचा इतिहास लिहिताना क्योतोचे नाव बहुधा अपवाद म्हणून येते. १९४५ च्या मार्च महिन्यात टोकियोवर एका रात्रीत झालेल्या हल्ल्यात सुमारे एक लाख माणसे मेली आणि त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत नागोया, ओसाका व कोबे ही शहरेही जळाली. तरीही ओसाकाच्या इतक्या जवळ असलेल्या क्योतोतील देवळे, बागा आणि लाकडी घरांच्या अरुंद गल्ल्या शाबूत राहिल्या, ही गोष्ट प्रवासवर्णनांतून आणि पाठ्यपुस्तकांतून कृतज्ञतेच्या सुरात सांगितली जाते. ती गोष्ट खोटी नाही, परंतु ती देवळांच्या बाजूने सांगितलेली आहे. शहर वाचले याचा अर्थ देवळे वाचली असा एकदा धरला, की त्याच शहरात बॉम्बने मेलेली माणसे आणि सरकारी हुकमाने पाडली गेलेली हजारो घरे हिशोबाच्या बाहेर जातात. प्रस्तुत लेखिकेला या दुसऱ्या क्योतोची ओळख कोणत्याही ग्रंथालयात झाली नाही. शहरात राहत असताना तेथील रस्त्यांची रुंदी डोळ्यांना खटकू लागली, तेव्हा झाली.

क्योतो हे आठव्या शतकाच्या अखेरीस आखलेले, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे शहर आहे. जुन्या भागातील बहुतेक रस्ते इतके अरुंद आहेत की समोरासमोरच्या दोन घरांतील माणसांना आवाज न चढवता बोलता येते. या जाळ्यात गोजो, ओइके आणि होरिकावा हे तीन रस्ते मात्र एकदम पसरट होतात, आणि त्यांपैकी ओइके तर सुमारे ५० मीटर रुंद आहे. गिओन उत्सवाचे उंच रथ आज याच ओइके रस्त्यावरून ओढले जातात, झाडांच्या रांगांमध्ये प्रेक्षक दाटीने बसतात, आणि हा रस्ता एखाद्या दूरदृष्टीच्या नगररचनाकाराने आखला असावा असे पाहुण्याला सहज वाटते. प्रस्तुत लेखिकेचाही समज तोच होता. गोजो रस्त्यालगतच्या गल्लीत राहणाऱ्या एका वृद्ध शेजारणीने, सिग्नलपाशी उभे असताना, वाहनांच्या मधल्या मार्गिकेकडे हात करून आपल्या आजोबांचे घर तेथे होते असे सांगितले, आणि ती विहिरीविषयी बोलते आहे, दुकानाविषयी बोलते आहे, हे लक्षात येईपर्यंत सिग्नल दोनदा बदलला होता.

त्या घराचे जे झाले त्याला जपानीत तातेमोनो सोकाई म्हणतात. आग एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत पसरू नये म्हणून मधल्या इमारती आधीच पाडून मोकळा पट्टा तयार करणे, असा त्याचा अर्थ आहे. टोकियो, ओसाका, हिरोशिमा अशा अनेक शहरांत हा उपाय योजला गेला. क्योतोत तो १९४४ मध्ये सुरू झाला आणि मार्च १९४५ मध्ये ओसाका जळाल्यानंतर त्याला भयंकर वेग आला. घर रिकामे करण्यासाठी मिळालेली मुदत काही दिवसांची असे. नोटीस आल्यावर हातगाडीवर बसेल तेवढेच सामान नातेवाइकांकडे किंवा खेड्यात हलवायचे, बाकीचे सोडून द्यायचे. मग शाळकरी मुले, सैनिक आणि शेजारी यांच्या तुकड्या येत, मुख्य खांब करवतीने अर्धवट कापत, त्यांना दोर बांधत आणि सगळे मिळून ओढत. अशा रीतीने क्योतोत दहा हजारांहून अधिक घरे पाडली गेली. राजवाड्याच्या आवारातील इमारतींना जोडणारे काही लाकडी मार्गही याच कारणाने उतरवले गेले. गोजो रस्त्याची एक संपूर्ण बाजू गेली, आणि तिच्यासोबत गोजोझाका भागातील कुंभारांची, चिनी मातीची भांडी विकणाऱ्यांची आणि भाडेकरूंची घरे गेली.

या शेजारणीच्या आठवणीत विमान नव्हते, आग नव्हती. दोर होता आणि धूळ होती. दोर ओढणाऱ्यांत ओळखीचे चेहरे होते, हे तिने ज्या सपाट स्वरात सांगितले त्यातील दुःख बॉम्बने घर गमावलेल्या माणसाच्या दुःखापेक्षा वेगळ्या जातीचे होते, कारण ज्याच्यावर राग धरावा असा शत्रू त्या प्रसंगात कोठेच नव्हता. क्योतोवर आगबॉम्बचा मोठा हल्ला झाला नाही, म्हणजे ज्या आगीसाठी ही घरे पाडली ती आग आलीच नाही. युद्ध संपल्यावर ते मोकळे पट्टे मूळ रहिवाशांकडे परत न जाता नगररचना आराखड्यात रस्ते म्हणून कायम झाले. नगररचनेच्या दृष्टीने ते उपयोगी ठरले हे नाकारता येणार नाही, परंतु ज्यांच्या भिंतींवर ते उभे आहेत त्यांच्याविषयी एक साधी पाटीही बहुतेक चौकांत दिसत नाही, आणि ही उणीव छोटी मानता येत नाही.

क्योतोवर बॉम्ब पडलेच नाहीत असेही नाही. १६ जानेवारी १९४५ च्या रात्री हिगाशियामा विभागातील उमामाची या वस्तीवर एका विमानाने बॉम्ब टाकले आणि तीसहून अधिक माणसे मेली. ही दाट वस्ती कियोमिझु मंदिरापासून फार दूर नाही. वृत्तपत्रांवर नियंत्रण असल्यामुळे शहराच्या दुसऱ्या टोकाला काय झाले ते बहुतेकांना नीट कळले नाही, आणि ज्यांनी पाहिले त्यांनी बोलू नये अशी अपेक्षा होती. मराठी वाचकाला या ठिकाणी मुंबईची आठवण येणे स्वाभाविक आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके आणि कापूस भरलेले फोर्ट स्टिकीन हे जहाज उडाले, तेव्हा जपानी विमाने आली अशी समजूत शहरात अनेकांची झाली. ब्रिटिश सरकारने ती बातमी दाबून ठेवली आणि बाहेरच्या जगाला ती प्रथम जपानच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीवरून समजली. एका सरकारने आपल्या नागरिकांचे मरण लपवायचे आणि शत्रूच्या नभोवाणीने ते जगाला सांगायचे, हा प्रकार दोन्ही बाजूंच्या राज्यकर्त्यांना नागरिक किती परके झाले होते ते दाखवतो.

दुसरा मोठा हल्ला २६ जून १९४५ रोजी सकाळी निशिजिन भागावर झाला. निशिजिन म्हणजे विणकरांची पेठ. येवल्यात पैठणीचे जे स्थान, तेच येथे किमोनोच्या पट्ट्यांसाठी विणल्या जाणाऱ्या जरीच्या रेशमी कापडाचे. बॉम्ब पडण्याच्या कितीतरी आधी युद्धाने ही पेठ आतून पोखरली होती: ७ जुलै १९४० रोजी चैनीच्या वस्तूंच्या उत्पादनावर व विक्रीवर निर्बंध आले, नंतर धातूसाठी यंत्रमाग मोडीत गेले आणि विणकर शस्त्रांच्या कारखान्यांत कामाला लागले. त्या सकाळी ओसाका व नागोया परिसरातील शस्त्र कारखान्यांवर मोठे हल्ले चालू होते, आणि एका बी-२९ विमानाने निशिजिनवर ७ बॉम्ब टाकले. चाळीसहून अधिक माणसे मेली. त्या वस्तीतील तात्सुमी नावाच्या लहानशा बागेत आज या घटनेचा स्मृतिस्तंभ आहे. प्रस्तुत लेखिका तेथे गेली तेव्हा शेजारी मुले खेळत होती आणि एका घरातून मागाचा आवाज येत होता. क्योतोकर पाहुण्याला हमखास सांगतात की येथे ‘मागचे युद्ध’ म्हटले की पंधराव्या शतकातील ओनिन युद्ध समजावे. निशिजिन हे नावही त्याच युद्धातील पश्चिमेकडील छावणीवरून पडलेले आहे. शहराच्या प्राचीनतेचा अभिमान त्यात असतो हे खरे, पण या स्तंभापाशी उभे राहिल्यावर ते वाक्य पुन्हा ऐकवत नाही.

क्योतो का वाचले, या प्रश्नाचे युद्धानंतर प्रचलित झालेले उत्तर असे होते की लँग्डन वॉर्नर या अमेरिकन कलाभ्यासकाने तेथील वारशाची यादी करून शहर वाचवले. स्वतः वॉर्नर यांनी हे श्रेय नाकारले असूनही नारा येथील होर्यूजी मंदिराजवळ त्यांचे स्मारक उभे राहिले. योशिदा मोरिओ या इतिहासकाराने अमेरिकन कागदपत्रांच्या आधारे १९९० च्या दशकात जे मांडले ते याच्या अगदी उलट आहे. मे १९४५ मध्ये लॉस अलामोस येथे अणुबॉम्बची लक्ष्ये ठरवणाऱ्या समितीची बैठक झाली, तेव्हा क्योतो यादीत अग्रभागी होते. दहा लाखांच्या आसपास वस्ती, इतर शहरांतून येणारे उद्योग आणि लोक, स्फोटाचा परिणाम वाढवणाऱ्या डोंगरांची खोरी, ही कारणे तर होतीच, पण हे विद्येचे केंद्र असल्यामुळे येथील माणसांना अशा शस्त्राचा अर्थ अधिक चांगला उमगेल, हेही कारण इतिवृत्तात नोंदवले आहे. विद्वत्ता हा एखाद्या शहराला जाळण्याचा आधार ठरावा, याहून विदारक नोंद त्या काळाच्या कागदपत्रांत क्वचितच सापडेल. निवडलेली शहरे नेहमीच्या बॉम्बफेकीतून वगळण्यात आली, कारण नव्या शस्त्राचा परिणाम धडधाकट शहरावरच नीट मोजता येणार होता. उन्हाळ्यातील त्या आठवड्यांत क्योतोवरचे आकाश बहुतांशी शांत राहिले त्यामागे दया नव्हती.

बॉम्बचा नेम धरण्याचे ठिकाण म्हणून उमेकोजी येथील इंजिनघर सांगितले जाते. पंख्याच्या आकाराची ती १९१४ सालची इमारत आज क्योतो रेल्वे संग्रहालयाचा भाग आहे. फिरत्या चकतीवर वाफेचे इंजिन वळताना पाहायला पालक मुलांना खांद्यावर घेऊन उभे असतात, आणि तोजी मंदिराचा पाच मजली मनोरा तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. त्या जागी उभे राहून प्रस्तुत लेखिकेने नकाशावर हिरोशिमाच्या विध्वंसाएवढे वर्तुळ कल्पून पाहिले, तेव्हा त्यात बाजार, स्टेशन, दोन्ही होंगान्जी मंदिरे आणि गोजोची ती गल्लीही आली. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी आग्रह धरून क्योतोला यादीतून काढले. ते १९२६ मध्ये येथे येऊन गेले होते, आणि हे शहर नष्ट केल्यास जपानी माणसांच्या मनात अमेरिकेविषयी कायमची कटुता राहून ती रशियाकडे झुकतील, असा राजकीय हिशोबही त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यापुढे मांडला होता. ते मधुचंद्रासाठी येथे आले होते ही लोकप्रिय कथा निराधार आहे. त्यांचे लग्न १८९३ मध्येच झाले होते. जुलैच्या अखेरीस, आदेश निघण्याच्या सुमारास, नागासाकीचे नाव यादीत घातले गेले. क्योतोच्या सुटकेविषयी कृतज्ञता व्यक्त करणाऱ्याने हे नाव त्याच वाक्यात घेतले पाहिजे.

क्योतो प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावरील मायझुरु या बंदराला तर सुटका मिळालीच नाही. २९ जुलै १९४५ रोजी तेथील नौदलाच्या शस्त्र कारखान्यावर एक बॉम्ब पडला आणि ९७ माणसे मेली. त्यांत कामाला जुंपलेले विद्यार्थीही होते. हा बॉम्ब नागासाकीवर टाकायच्या अणुबॉम्बच्या आकाराचा, परंतु साध्या स्फोटकांनी भरलेला होता. वैमानिकांचा सराव व्हावा म्हणून असे बॉम्ब जपानभर टाकले गेले आणि त्यांच्या फुगीर आकारामुळे त्यांना भोपळा बॉम्ब म्हणत. मायझुरुचे मृत कोणाच्या तरी तालमीत मेले.

अशा नागरिकांचे पुढे काय झाले, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारला असता उत्तर थोडक्यात मिळते. १९४१ च्या सुधारणेनंतर हवाई संरक्षण कायद्याने नागरिकांना शहर सोडून जाण्यास मनाई करण्याचे आणि आग विझवण्याचे बंधन त्यांच्यावर घालण्याचे अधिकार सरकारला दिले. म्हणजे पळून न जाणे हे कर्तव्य झाले. १९५२ मध्ये सैनिक आणि लष्करी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी निवृत्तिवेतनाची तरतूद झाली, पण कर्तव्य म्हणून थांबलेल्या नागरिकांना ती लागू झाली नाही. नागोयातील पीडितांच्या दाव्यावर सर्वोच्च न्यायालयाने २६ जून १९८७ रोजी, म्हणजे निशिजिनच्या हल्ल्याला नेमकी ४२ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, असा निर्णय दिला की युद्धातील हानी सर्व जनतेने सोसायची असते आणि भरपाई हा संसदेच्या धोरणाचा विषय आहे. संसदेतील काही सदस्यांनी पुढे मदतीचा मसुदा तयार केला. त्यात हवाई हल्ल्यामुळे शारीरिक वा मानसिक अपंगत्व आलेल्यांना एकरकमी रक्कम देण्याची कल्पना आहे. युद्ध संपून ८० वर्षे झाली तरी त्याचा कायदा झाला नव्हता, आणि ज्यांची घरे दोर लावून पाडली गेली त्यांचा विचार त्या मसुद्यातही नाही.