बाकावरची जागा

गोंदियाच्या माणसाला गाडीची शिट्टी ऐकू येत नाही. नागपूरकडून येणारी, हावड्याकडे जाणारी, बालाघाटला नि चांद्याला वळणारी, इतक्या गाड्या रात्रंदिवस शिट्ट्या फुंकीत असतात की पाहुणा दचकून उठून बसतो आणि घरचा माणूस नुसती कूस बदलतो. मीही कूस बदलणाऱ्यांपैकीच. परंतु या रुळांवरून १८९३ साली गेलेली एक गाडी मात्र मला अजून झोपू देत नाही.

त्या गाडीत नारायण वामन टिळक होते. नागपूर सोडून ते राजनांदगावला निघाले होते. म्हणजे वाटेत आमचे गोंदिया लागलेच असणार. (तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते, जिल्ह्याचा मान त्याला १९९९ साली मिळाला.) डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. बोलणे झाले. त्याने नवा करार टिळकांच्या हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या मंडळीत ही गोष्ट सांगताना त्या भाकितावर फार जोर देतात. मला त्याचे तेवढे कौतुक नाही. गोऱ्याने काळ्याशी डब्यात माणसासारखे बोलावे, हे त्या काळी भाकिताहून दुर्मीळ असावे.

आणि खरे सांगायचे तर टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई मला जवळच्या वाटतात. टिळकांनी एका प्रवासात ग्रंथ घेतला. बाईंना मात्र पाऊल पाऊल चालावे लागले. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या दूर राहिल्या. कित्येक वर्षांनी त्याच्या घरी परतल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. मग एकदा त्यांनी स्वतःशीच विचार केला की जाती देवाने केल्या असत्या तर माणसाच्या अंगावर त्याची काही खूण दिसली असती. ती दिसत नाही. तेव्हा हे काम माणसाचेच. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. १९३४ साली निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’च्या पहिल्या भागानंतर ही हकीकत महाराष्ट्राच्या घरोघरी गेली. मी ती इतक्यांदा वाचली आहे की पुस्तक त्या पानावर आपोआप उघडते.

आता माझी हकीकत. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढता येत नसे. ते ख्रिस्ती झाले, वडील शिकले, मी मास्तर झालो. तीन पिढ्यांत आम्ही उपासनेच्या पुढच्या बाकावर येऊन बसलो. मागे दारापाशी, चपलांच्या शेजारी, एक बाई बसे. विड्या वळून पोट भरणारी. बोटे तेंदूच्या पानांनी काळसर झालेली. ती तेथे बसे याला कोणाचा हुकूम नव्हता. पुढे ये, असेही कोणी म्हटले नव्हते. नाताळच्या प्रीतिभोजनाच्या ताटांचा हिशेब माझ्याकडे असे. घराणेवार नावे लिहून झाली की शेवटी मी ‘इतर, ४’ अशी ओळ घालीत असे. त्या चारांत ती. अशी अकरा वर्षे गेली आणि हिशेब कधी चुकला नाही.

गेल्या कार्तिकात मी डोंगरगडला निघालो होतो. धानाची कापणी चाललेली. प्लॅटफॉर्मवर ही गर्दी! डब्यात शिरलो तेव्हा उभे राहण्यापुरतीच जागा होती. तेवढ्यात कोणी हाक मारली, “गुरुजी, या जी, इथं बसा.” तीच बाई. तिने मांडीवर गाठोडे घेतले, अंग चोरले, आणि बाकावर हातभर जागा केली. मी बसलो.

आमगाव गेले. ऊन चढले. मला खोकल्याची उबळ आली, तशी तिने पाण्याची बाटली काढली, पदराने तिचे तोंड पुसले आणि माझ्यापुढे धरली.

माझा हात उठला नाही. फार नाही, एक-दोन क्षण. पण तेवढे तिला पुरले.

“स्वच्छ आहे जी,” ती म्हणाली. रागाने नव्हे, एखाद्याला वाट सांगावी तसे. मी बाटली घेतली आणि प्यालो. माझ्या मांडीवर ‘स्मृतिचित्रे’ होते.

“कसलं पुस्तक?” तिने विचारले. मला बोलायला काहीतरी हवेच होते. मी टिळकांची गोष्ट सांगितली. ते याच मार्गाने गेले म्हटल्यावर तिने खिडकीबाहेर पाहिले, जणू अजून दिसतील.

“आणि त्या गोऱ्याचं नाव काय जी?”

मला ते सांगता आले नाही. आम्ही त्याला नेहमी ‘एक गोरा गृहस्थ’ एवढेच म्हणतो.

“एवढं दिलं, न् नाव नाही ठेवलं कोणी,” ती म्हणाली आणि गाठोड्याची गाठ घट्ट करू लागली. सालेकसा जवळ येत होते.

मग मी तिला तिचे नाव विचारले. ती हसली. “आता उतरायच्या वेळी?” म्हणाली, पण सांगितले. गर्दीतून वाट काढीत ती फलाटावर उतरली. बाटली माझ्याच हातात राहिली होती; मी खिडकीतून पुढे केली, तर “असू द्या, पुढं पाणी नाही,” म्हणून तिने हात हलवला.

दरेकश्याच्या बोगद्यात गाडी शिरली. डब्यात अंधार झाला. बाकावर तिची हातभर जागा अजून रिकामी होती. कोणी बसण्यापूर्वी मी थोडा सरकलो आणि उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचा हात चाचपून धरला.